नळदुर्गचा टेलर साहेब शिंपी होता का? ‘टेलर’ आडनावाचा उगम, अर्थ आणि पसारा

बोरीकाठ (प्रश्न)

राम राम मंडळी. आठवी-नववीची सहल नळदुर्ग किल्ल्यावर जाणार आहे. त्यासाठी चार पानी माहितीपत्रक करतोय. पाणीमहाल, नर-मादी धबधबा, नवबुरूज हे लिहून झालं. शेवटच्या पानावर कॅप्टन मेडोज टेलरवर एक परिच्छेद आहे : १८५३ च्या तहानं निजामाचा हा मुलूख इंग्रजांच्या कारभारात गेला आणि जिल्ह्याचा अधिकारी म्हणून हा माणूस नळदुर्गात आला, वगैरे. पण नाव काढलं की पोरं हसतात. चौकात ओळीनं ‘टेलर्स’च्या पाट्या, त्यामुळे पहिला प्रश्न ठरलेला : ‘सर, साहेब शिलाई करायचा का?’

उडवाउडवी करायची नाही, म्हणून विचारतो. टेलर आडनावाचा अर्थ खरंच शिंपी आहे का? असेल तर दुकानाच्या पाटीवर आय आणि साहेबाच्या नावात वाय, असं कामून? ‘मेडोज’ हे नाव की आडनाव? इंग्लंड-अमेरिकेत हे आडनाव किती चालतं? आणि एका वेबसाइटवर ‘टेलर घराण्याचं मानचिन्ह’ मिळालंय, ढाल-सिंह असलेलं. ते पत्रकावर छापावं का?

शब्दांचा_माग

सर, पोरांचा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका, अर्धं उत्तर त्यातच आहे. टेलर म्हणजे शिंपीच. फक्त साहेब शिंपी नव्हता. त्याच्या पाच-सहाशे वर्षं आधीचा कुणीतरी पूर्वज शिंपी होता, एवढंच ते आडनाव सांगतं.

शब्द मूळचा इंग्रजी नाही. लॅटिनमध्ये ‘तालेआ’ म्हणजे लावणीसाठी छाटलेली काडी. अंजिराचं छाट कलम करतो ना, ती. त्यावरून ‘तालिआरे’, कापणे. तिथून जुन्या फ्रेंचमध्ये कापणारा तो ‘ताय्यर’. आजही फ्रेंचमध्ये दगड घडवणाऱ्याला ‘ताय्यर द पिएर’ म्हणतात, म्हणजे मूळ अर्थ कपड्याशी बांधलेला नव्हता. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं, दरबाराची नि कचेरीची भाषा फ्रेंच झाली आणि हा शब्द इंग्लंडात ‘तायलूर’च्या रूपानं उतरला. तिथं मात्र तो कापड कापणाऱ्यालाच चिकटला.

त्याआधी इंग्रजांचा स्वतःचा शब्द होता ‘सीमर’, शिवण घालणारा. तो मागं पडला. सीमर हे आडनाव आज अगदी तुरळक आहे, आणि त्यातलेही काही यॉर्कशायरमधल्या सीमर नावाच्या गावावरून आलेले असू शकतात.

गंमत बघा. इंग्रजांनी शिंप्याला कात्रीवरून ओळखलं. आपल्याकडचा ‘दर्जी’ फारसी ‘दर्ज’वरून आला, म्हणजे शिवण, तिथं ओळख सुईवरून. आपला ‘शिंपी’ मात्र संस्कृत ‘शिल्पिन्’पासून आलाय, म्हणजे त्यात सुईही नाही नि कात्रीही नाही, नुसता कारागीर. जर्मन श्नायडर आणि हंगेरियन साबो ही आडनावं टेलरसारखीच कापण्याच्या क्रियापदातून निघाली आहेत. अरबी खय्यात शिवण्यातून.

आता आय आणि वाय. मध्ययुगीन इंग्रजी लिखाणात ही दोन अक्षरं अदलाबदलीनं चालायची. एकाच माणसाचं नाव एका कागदावर आय घालून, दुसऱ्यावर वाय घालून सापडतं. पुढं छपाईमुळं स्पेलिंग ठरत गेलं तेव्हा धंद्याच्या शब्दात आय पक्का झाला आणि आडनावात बहुतेक घरांनी वाय धरून ठेवला. लंडनच्या शिंप्यांच्या जुन्या संघाला, मर्चंट टेलर्स कंपनीला, १३२७ मध्ये राजाची सनद मिळाली. तो संघ धंद्याचा, तरी स्पेलिंग आजही वायनंच. म्हणजे ‘वाय म्हणजे खानदानी, आय म्हणजे दुकानदार’ असलं काही नाही. भारतात मात्र एक खूण उपयोगी पडते. गुजरातेत टेलर हे आडनाव आहे, ते बहुधा आय घालून लिहितात. ते अलीकडचं, थेट धंद्यावरून घेतलेलं. त्याचा इंग्लंडच्या टेलरांशी संबंध नाही.

पोरांना समजावताना तेरला जा. गोरा कुंभार तिथले, आपल्याच जिल्ह्यातले. हिंगोलीच्या नर्सीचे नामदेव शिंपी. सावता माळी, नरहरी सोनार, सेना न्हावी, सगळी तीच रीत : नाव आणि मागं धंदा. तेराव्या शतकातल्या इंग्लंडात ‘रॉबर्ट ल तायलूर’ लिहायचे ते हेच. ‘ल’ म्हणजे ‘तो’. तेव्हा ते आडनाव नव्हतं, ओळख होती. रॉबर्टचा मुलगा लोहार झाला तर तो ‘ल स्मिथ’. ज्या दिवशी लोहारकाम करणाऱ्या मुलालाही लोक टेलरच म्हणू लागले, त्या दिवशी त्या घरापुरतं ते आडनाव झालं. बड्या जमीनदारांत हे लवकर घडलं. सामान्य इंग्रज घरांत साधारण १२०० ते १४०० च्या दरम्यान, दक्षिणेत आधी, उत्तरेत उशिरा.

सुईदोरा

वरच्या उत्तरात एक भर. कात्रीवरून नाव पडलं याला धंद्यातलं कारण आहे. आपल्याकडच्या कुठल्याही मोठ्या शिलाईच्या दुकानात बघा : माप घेणारा आणि कापणारा तो ‘मास्टर’, मशीनवर बसणारे ते ‘कारागीर’. मास्टर पाटावर कापड अंथरतो, उभा-आडवा धागा बघतो, खडूनं आखतो, शिलाईत दाबायला कापड सोडतो आणि मग कात्री लावतो. शिवण चुकली तर उसवून परत मारता येते. कापणी चुकली की कापड गेलं. म्हणून हात कापणाऱ्याचा मोलाचा आणि नावही त्याचंच. पोरांना ‘टेलर म्हणजे कटिंग मास्टर’ असं सांगा, अर्थ नेमका पोचेल. जाता जाता, ‘रिटेल’ हा शब्द त्याच घरातला : ठाणातून तुकडा कापून विकणं. कापडवाल्यांनी तर हे पाठच करावं.

आता खरी मजा. युरोपातल्या त्या काळच्या इंग्लंडचा जीव लोकरीच्या कापडात होता, त्यामुळं कापडधंद्यातून निघालेल्या आडनावांची तिथं रांगच लागते. मग त्यात टेलरच एवढे कामून? शिंपी विणकरांपेक्षा जास्त होते म्हणून? तेवढंच कारण नाही. विणकराला इंग्लंडभर एक शब्द नव्हता. कुठं वेब, नैऋत्येला वेबर, उत्तरेकडं वेबस्टर, कुठं वीव्हर. एकाच धंद्याची चार आडनावं झाली आणि आकडा फुटला. आपल्याकडं साळी, कोष्टी, विणकर अशी वेगवेगळी नावं आहेत, तसंच समजा.

कापड तुडवणाऱ्याचं तर आणखी स्पष्ट दिसतं. मागावरून उतरलेलं लोकरी कापड विरळ आणि तेलकट असतं. ते पाण्यात एक विशिष्ट माती घालून भिजवायचं आणि पायानं तुडवायचं, म्हणजे तेलकटपणा जातो, लोकर आटते आणि वीण गच्च बसते. पाणी कमी पडलं किंवा तुडवण सारखी झाली नाही तर कापड एका बाजूला आटतं नि दुसरीकडं सैल राहतं, मग ते सरळ कापताच येत नाही. हे काम करणारा इंग्लंडच्या उत्तरेत वॉकर (पायानं चालणारा), आग्नेयेला फुलर आणि नैऋत्येला टकर. आणि ती माती म्हणजे ‘फुलर्स अर्थ’, आपण किराणा दुकानातून तोंडाला लावायला आणतो ती मुलतानी माती. जुनं घराणं वॉकर की टकर यावरून ते मूळ कुठल्या भागातलं याचा अंदाज बांधता येतो. टेलरवरून तो बांधता येत नाही, कारण शिंप्याला सगळीकडं टेलरच. स्मिथचं तसंच. सगळ्या देशाला एकच शब्द, म्हणून आकडा एकाच खात्यात साचला.

रंगाऱ्याचं आडनाव डायर आणि उत्तरेकडं लिस्टर. जालियनवाला बागेतला जनरल डायर आणि शस्त्रक्रियेत जंतुनाशक वापरणारा डॉक्टर जोसेफ लिस्टर, दोघांच्याही आडनावाचा अर्थ रंगारी. आडनावावरून माणूस ओळखू नये, याला याहून चांगलं उदाहरण मिळणार नाही.

‘-स्टर’ शेपटीची आडनावं (वेबस्टर, ब्रूस्टर, बॅक्स्टर) मुळात बायांच्या धंद्याची : विणणारी, दारू गाळणारी, भाकरी-पाव भाजणारी. पुढं पुरुषांनाही तीच लागली. मेडोज टेलर पंधराव्या वर्षी हिंदुस्थानात आला तो मुंबईतल्या ज्या व्यापाऱ्याकडं कारकुनीला, त्याचं आडनाव बॅक्स्टर. म्हणजे आडनावांच्या हिशेबानं शिंप्याचा पोरगा भटारणीच्या पेढीवर!

आकडेमोड

आकडे देतो, पण पत्रकात वापरताना कोणत्या देशाचा नि कोणत्या सालचा ते लिहाच. नुसतं ‘जगात अमुक क्रमांक’ लिहिणाऱ्या वेबसाइटी सोडून द्या.

तुमच्या कामाचा सगळ्यात नामी आकडा १८५३ चाच आहे. इंग्लंड आणि वेल्सच्या जन्म-मृत्यू नोंदणी खात्यानं त्या सालच्या अहवालात नोंदींवरून आडनावांचा अंदाज काढला होता. स्मिथ २,५३,६००, जोन्स २,४२,१००, विल्यम्स १,५९,९०० आणि चौथा टेलर, १,२४,४००. म्हणजे टेलर साहेब नळदुर्गात आला त्याच वर्षी त्याच्या मायदेशी साधारण दीडशे माणसांमागं एक टेलर होता. जोन्स आणि विल्यम्स ही मुख्यतः वेल्समधली, बापाच्या नावावरून पडलेली. निव्वळ धंद्याच्या आडनावांत स्मिथनंतर टेलरच. गिरण्यांच्या लँकेशायरमध्ये त्यांचा भरणा मोठा आहे, पण म्हणून ‘गिरणीमुळं आडनाव पडलं’ असं लिहू नका. गिरण्या अठराव्या शतकाच्या शेवटी आल्या, आडनाव त्याआधी चारशे वर्षं पक्कं झालेलं.

अमेरिकेत चित्र सरकतंय. १९९० च्या जनगणनेत टेलर दहावा, २००० मध्ये तेरावा (७,२०,३७०), २०१० मध्ये सतरावा (७,५१,२०९). माणसं तीस हजारांनी वाढली तरी क्रमांक घसरला, कारण हर्नांडेझ, लोपेझ, गोन्झालेझ ही स्पॅनिश आडनावं भराभर पुढं गेली. दर लाखामागं बघितलं तर २००० मध्ये सुमारे २६७ आणि २०१० मध्ये सुमारे २५५. पोरांना शेकडेवारी शिकवायला आयतं गणित आहे : संख्या वाढली, प्रमाण घटलं.

आणि अमेरिकेतल्या टेलरांपैकी चौथ्या हिश्श्याहून जास्त कृष्णवर्णीय आहेत. गुलामगिरीतून सुटलेल्या अनेकांकडं मालकाचं किंवा त्या भागात चालणारं आडनाव आलं. काही जर्मन श्नायडरांनी तिकडं गेल्यावर भाषांतर करून टेलर लावलं. स्कॉटलंडमध्ये गेलिक ‘मॅक अन तालियर’, म्हणजे शिंप्याचा लेक, याचंही इंग्रजीत टेलरच झालं. तेव्हा सगळे टेलर एका कुळातले ही समजूत मुळातच खोटी. एकमेकांशी काही नातं नसलेल्या शेकडो शिंप्यांपासून शेकडो टेलर घराणी निघाली.

क्रिकेटमधलं सांगितलं की पोरं लगेच लक्ष देतील. १९९८ मध्ये पेशावरला नाबाद ३३४ वर डाव सोडणारा मार्क टेलर ऑस्ट्रेलियाचा, ब्रेंडन टेलर झिंबाब्वेचा, रॉस टेलर न्यूझीलंडचा आणि त्याची आई सामोअन वंशाची. आडनाव एक, माणसं तीन देशांतली.

किल्लेदार_धाराशिव

टेलर स्विफ्टचं काय मग? पोरी ते नक्की विचारणार.

शब्दांचा_माग

तिचं आडनाव स्विफ्ट. टेलर हे नाव. आईवडिलांनी ते जेम्स टेलर या गायकाच्या आडनावावरून ठेवलं. इंग्रजीत आडनावं अशी पुढं सरकून नावं होतात. १९९० च्या दशकात अमेरिकेत मुलींच्या पहिल्या दहा नावांत टेलर होतं. स्विफ्ट म्हणजे चपळ, ते स्वभाव किंवा चालीवरून पडलेलं. आपल्याकडची टोपणनावाची आडनावं आठवा, म्हणजे लक्षात येईल.

जालना_दफ्तर

मेडोजचं आणि मानचिन्हाचं राहिलं, ते मी घेतो. सोबत एक-दोन खड्डे दाखवतो, पत्रक करताना त्यातच पाय जातो.

‘मेडोज’ हे मधलं नाव आहे, पण मुळात आडनावच. मेडो म्हणजे कुरण, कुरणाशेजारी राहणारे ते मेडोज. इंग्रज कुटुंबांत आई-आजीकडचं आडनाव पोराच्या मधल्या नावात घालायची रीत होती. त्यामुळं हे जोडआडनाव नाही, मध्ये आडवी रेघ देऊ नका. ग्रंथालयाच्या सूचीत ‘टेलर, फिलिप मेडोज’ असं टी खाली शोधा, नाही सापडलं तर एम खाली. आणि जपून, त्याच्या बापाचंही नाव फिलिप मेडोज टेलरच, लिव्हरपूलचा व्यापारी. लेकाचा जन्म २५ सप्टेंबर १८०८ चा, लिव्हरपूलचाच. मृत्यू १३ मे १८७६, फ्रान्समधल्या मांतोंला. तारीख जुळल्याशिवाय कागद याच टेलरचा समजू नका.

बायकोचं आडनाव पामर, मेरी पामर. हैदराबादचा सावकार विल्यम पामर याची मुलगी, लग्न १८३२ चं. हा आपला ‘मी पामर काय बोलू’मधला पामर नव्हे. पाम म्हणजे खजूर-ताडाच्या जातीचं झाड. जेरुसलेमची यात्रा करून खूण म्हणून त्याची झावळी घेऊन येणारा यात्रेकरू तो पामर. आपण तुळशीची माळ घालणाऱ्याला माळकरी म्हणतो, अगदी तसंच : अंगावरच्या खुणेवरून नाव. शिंपी आणि माळकरी असं हे जोडपं, हे पोरांना नक्की लक्षात राहील.

मानचिन्ह छापू नका. इंग्लंडात मानचिन्ह माणसाला मिळतं, आडनावाला नाही. ते देणारी कचेरी, कॉलेज ऑफ आर्म्स, १४८४ पासून आहे. ज्याला मिळालं त्याच्या थेट वंशात ते चालतं, शेजारच्या गावच्या टेलरला लावता येत नाही. ‘टेलर घराण्याचा सिंह’ म्हणून वेबसाइटी जे विकतात ते कुणातरी एका टेलरचं चिन्ह असतं, किंवा निव्वळ चित्र. कपावर, किचेनवर ठीक आहे, शाळेच्या पत्रकावर नाही.

आता कुणाला एखाद्या टेलरचा माग खरंच काढायचा असेल तर. आपल्याकडं जालना, हिंगोली, अंबाजोगाई (तेव्हाचं मोमिनाबाद) आणि छत्रपती संभाजीनगरला छावण्या होत्या, त्यामुळं हे काम मराठवाड्यात अधूनमधून निघतंच. नावांच्या संगणकी शोधात साउंडेक्स नावाची पद्धत वापरतात. पहिलं अक्षर ठेवायचं, स्वर आणि वाय, एच, डब्ल्यू गाळायचे, उरलेल्या अक्षरांना आकडे द्यायचे. एलला ४, आरला ६, आणि कमी पडलं तर शेवटी शून्य. टेलरचा संकेत येतो टी-४६०. अडचण अशी की टायलर (कौलं बसवणारा, पूर्ण वेगळं आडनाव) याचाही टी-४६०, आणि टेलर म्हणूनच आपण लिहू असा बँकेतला ‘टेलर’, म्हणजे पैसे मोजणारा, त्याचाही टी-४६०. यादी आली की स्पेलिंग एकेक तपासून टायलर बाजूला काढा. देवनागरीत तर फार घोळ होतो. मराठी कागदात ‘टेलर’ दिसलं तरी मूळ इंग्रजी नोंद बघितल्याशिवाय पुढं जाऊ नका.

उलटा घोळ जुन्या हस्ताक्षराचा. तिरप्या लिखाणातला मोठा टी उतरवणाऱ्याला एफ किंवा जे वाटतो. पहिलंच अक्षर चुकलं की साउंडेक्सला तो माणूस कधीच सापडत नाही. अशा वेळी आडनाव सोडून द्या, आणि गाव, साल, बायकोचं नाव यांवरून शोधा. टेलरसारख्या भरपूर चालणाऱ्या आडनावाला एका दुव्यावर कधीच विसंबू नये. बापाचं नाव, बापाचा धंदा आणि गाव, यातले तीनही जुळले तर तो आपला.

इंग्लंड-वेल्सची सरकारी जन्म-मृत्यू नोंद १ जुलै १८३७ पासून सुरू होते. त्याआधीचं चर्चच्या वह्यांत, त्या ठेवायचा हुकूम १५३८ चा. १८३७ नंतरच्या विवाह दाखल्यात नवरा-नवरी दोघांच्या बापांचे धंदे लिहिलेले असतात, तो कागद सोनं आहे. तिथंच कळतं की टेलरचा बाप कोळसा खाणीत होता की खरंच कात्री चालवत होता. जन्माची नोंद तिमाहीनं लागते, ती नोंदवल्याच्या तारखेवर. नोंदवायला सहा आठवड्यांची मुभा, त्यामुळं डिसेंबरातलं मूल पुढच्या वर्षाच्या पहिल्या तिमाहीत सापडू शकतं. १८४१ च्या जनगणनेत पंधरा वर्षांवरच्यांची वयं खालच्या पाचाच्या पटीत आणलेली असतात, एकोणतिशीचा माणूस तिथं पंचवीसचा दिसतो. ‘वय जुळत नाही’ म्हणून बरोबर माणूस सोडून देणारे बरेच.

हिंदुस्थानातल्या गोऱ्यांचे बाप्तिस्मे, लग्नं, दफनं लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत : एन/१ बंगाल, एन/२ मद्रास, एन/३ मुंबई. आपला भाग निजामाचा, त्यामुळं एकाच इलाख्याची वही बघून थांबू नका, तिन्ही चाळा. आणि मेडोज टेलर ईस्ट इंडिया कंपनीच्या पलटणीतला नव्हता, निजामाच्या नोकरीतला होता. कंपनीच्या लष्करी यादीत तो नाही म्हणून हा माणूसच नव्हता असं ठरवू नका.

छावणीच्या जुन्या कबरस्तानात पाटी वाचायची तर साधं पाणी आणि मऊ ब्रश. ॲसिड, तारेचा ब्रश, खडू घासणं, तिन्ही नको, अक्षरांची कड जाते ती परत येत नाही. सकाळी ऊन तिरपं असताना बाजूनं फोटो काढा. दुपारी उन्हात अक्षर पुसल्यासारखं दिसतं.

किल्लेदार_धाराशिव

आडनाव ही कायम चीज नाही, हेही पोरांना सांगा. जालना जिल्ह्यातल्या असईला २३ सप्टेंबर १८०३ ला शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढला तो आर्थर वेलस्ली. त्याचं आडनाव १७९८ पर्यंत वेस्ली लिहायचे, त्या साली वेलस्ली केलं. आणि त्याच्या आजोबाचं मूळ आडनाव कॉली. त्यांना १७२८ मध्ये वेस्ली नावाच्या नातलगाची इस्टेट मिळाली, तिच्यासोबत आडनाव आलं. आपल्याकडं दत्तक गेल्यावर बदलतं तसं. धंद्याचं नाव धंदा गेल्यावर टिकतं हेही आपल्याला नवं नाही. कुलकर्णीपण कधीच गेलं, कुलकर्णी आहेतच.

बोरीकाठ

सगळ्यांचे आभार. मानचिन्ह काढून टाकलं. परिच्छेद असा केला, चूक असेल तर सांगा :

‘टेलर हे इंग्लंडमधलं धंद्यावरून पडलेलं आडनाव. अर्थ शिंपी, नेमकं म्हणजे कापड कापणारा मास्टर. शब्द फ्रेंचमधून १०६६ नंतर इंग्रजीत आला. गोरा कुंभार, नामदेव शिंपी यांच्यासारखी आधी ती ओळख होती, पुढं वंशाचं आडनाव झालं. १८५३ मध्ये इंग्लंड-वेल्समध्ये हे चौथ्या क्रमांकाचं आडनाव होतं. त्याच वर्षी कर्नल फिलिप मेडोज-टेलर नळदुर्गला आला. तो स्वतः शिंपी नव्हता. १८५३ ला इंग्रजांनी निजामाकडून हा जिल्हा कायमचा घेतला.’

जालना_दफ्तर

तीन दुरुस्त्या. मेडोज आणि टेलरमधली आडवी रेघ काढा. नळदुर्गात असताना तो कॅप्टन, कर्नल नंतर झाला. आणि ‘कायमचा’ चूक : फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड, रायचूर दुआब आणि आपला धाराशिव-नळदुर्गचा मुलूख इंग्रजांच्या कारभारात दिला होता. त्यातला रायचूर दुआब आणि आपला मुलूख १८६० मध्ये निजामाला परत मिळाला. टेलर त्याआधीच, १८५७ मध्ये, नळदुर्गहून वऱ्हाडात बुलढाण्याला गेला होता.

सुईदोरा

आणि सर, इंग्रजी नाव टाकणार असाल तर छापखान्यातून प्रूफ आल्यावर ते एकदा स्वतः बघा. संगणकाला वायचा टेलर चुकीचा वाटला की तो आय करून ठेवतो, आणि परत चौकातली पाटी होते.